स्कोपमागे लावलेल्या कॅमेऱ्यात काळी चंद्रकोर पुन्हा पुन्हा का येते

शनिवारी रात्री टेबलावर एअर रायफलचा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, आणि त्यामागचा कॅमेरा असं सगळं जुळवून ठेवलेलं असतं. रविवारी सकाळी पहिले दहा-बारा छर्रे सुटेपर्यंत पडद्यावर पूर्ण गोल, स्वच्छ चित्र दिसतं. मग उजव्या कडेने एक काळी चंद्रकोर आत सरकायला लागते. कॅमेरा हाताने दाबून सरळ केला की पाच-सहा छर्रे नीट जातात, आणि ती पुन्हा हजर होते, या वेळी खालून. आमच्या रविवारच्या गटात हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय, की आता सगळं एकदा सविस्तर लिहून काढतो. प्रत्येकाची तक्रार वेगळी वाटते, पण खोलात गेलं की मूळ बहुतेक वेळा एकाच जागी सापडतं.

आधी आमची मांडणी सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कुठून आले ते कळेल. परवाना न लागणारी, २० जूलच्या आतली, ४.५ मिलिमीटर बोअरची स्प्रिंगची एअर रायफल. तिच्यावर ३-९×४० स्कोप, म्हणजे तीनपट ते नऊपट मोठं दाखवणारा, पुढची काच ४० मिलिमीटरची. शेतावर २५ मीटरवर कागदी टार्गेट आणि त्यामागे मातीचा उंच बांध. कॅमेऱ्याचा खटाटोप सुरू झाला तो पुतणीमुळे. तिचे छर्रे सारखे उजवीकडे खाली पडायचे आणि ती दर वेळी सांगायची, "काका, मी मधोमधच धरलं होतं." ती खरंच बोलत होती. धरलं मधोमधच होतं, पण ट्रिगर दाबताना शेवटच्या अर्ध्या सेकंदात स्कोपमधला नेमाचा क्रॉस सरकत होता, आणि तो अर्धा सेकंद ना तिला जाणवत होता ना शेजारी उभं राहून मला दिसत होता. स्कोपमागे मोबाइल लावून घेतलेल्या पहिल्याच व्हिडिओत तो दिसला. त्या दिवसापासून मी या कामात गुंतलोय.

दोन गोष्टी सुरुवातीलाच. कॅमेऱ्याची सगळी जुळवाजुळव स्कोप रायफलवरून काढून, टेबलावर करा. कॅमेऱ्याकडे लक्ष असताना माणसाचं नळीकडे लक्ष राहत नाही. स्कोप चढवल्यावर काही सुधारायचं असेल तर आधी रायफल रिकामी करा, नळी बांधाकडे ठेवा आणि मगच हात लावा. दुसरं, हे लिखाण कागदी टार्गेटसाठी आहे. पाखरांवर एअरगन चालवून त्याचे व्हिडिओ काढणारे लोक आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे शिकार हा गुन्हा आहे आणि त्या कामात मी कुणालाही मदत करणार नाही.

प्रकाशाची टिकली

स्कोपमध्ये डोळा घालून बघताना आपल्याला वाटतं की चित्र आतल्या काचेवर उमटलेलं आहे. तसं नसतं. मागच्या काचेतून, म्हणजे आयपीसमधून, प्रकाश बाहेर येतो आणि काचेपासून काही अंतरावर हवेत एका छोट्या गोल टिकलीत गोळा होतो. पुढे तो पुन्हा पसरतो. डोळ्याची बाहुली नेमकी त्या टिकलीवर असली की पूर्ण चित्र दिसतं. कॅमेऱ्याचं तेच आहे. लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र त्या टिकलीवर बसलं पाहिजे.

टिकली केवढी? पुढच्या काचेचा व्यास भागिले पट. आमच्या स्कोपला ४ पटीवर १० मिलिमीटर, ६ पटीवर साधारण ६.७, आणि ९ पटीवर जेमतेम ४.४ मिलिमीटर. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचं छिद्र साधारण ३ मिलिमीटरचं धरा. म्हणजे ४ पटीवर कॅमेरा इकडे-तिकडे साडेतीन मिलिमीटर हलला तरी चालतं, आणि ९ पटीवर पाऊण मिलिमीटरही हलून चालत नाही. "कमी झूमवर छान येतं, जास्त केलं की काळं होतं" ही तक्रार इथून येते. स्कोप खराब नसतो, जागाच तेवढी अरुंद होते.

टिकली काचेपासून किती लांब पडते? रायफल स्कोपमध्ये हे अंतर मुद्दाम जास्त ठेवलेलं असतं, साधारण ७५ ते ९० मिलिमीटर, कारण धक्क्याने स्कोप मागे आला तर भुवईवर आदळू नये. दुर्बिणीच्या सवयीने मोबाइल आयपीसला अगदी चिकटवणारे इथेच फसतात. आठ-नऊ सेंटिमीटर मागे यायला हवं, आणि तेवढ्या अंतरावर कॅमेरा अधांतरी घट्ट धरून ठेवणं हीच या कामातली खरी अडचण आहे.

अंतर मोजायला बटर पेपरचा तुकडा पुरतो. स्कोप उजेडातल्या पांढऱ्या भिंतीकडे किंवा मोकळ्या आभाळाकडे करा, सूर्याकडे मात्र चुकूनही नको. आयपीसमागे बटर पेपर धरा आणि पुढे-मागे सरकवा. एका जागी गोल सर्वांत लहान आणि काठाला सर्वांत रेखीव होईल. काचेपासून तिथपर्यंतचं अंतर वर्नियरने मोजा आणि स्कोपच्या डबीवर लिहून ठेवा. ज्या पटीवर तुम्ही रेकॉर्डिंग करणार त्याच पटीवर मोजा, कारण झूम फिरवला की काही स्कोपांत हे अंतर काही मिलिमीटरने बदलतं. आणखी एक बारकावा: कॅमेऱ्याचं छिद्र लेन्सच्या पुढच्या काचेवर नसतं, थोडं आत असतं. म्हणून लेन्सची काच मोजलेल्या अंतराच्या किंचित पुढे, आयपीसकडे आणावी लागते. मोबाइलला एक-दोन मिलिमीटर, लांबट लेन्सला त्याहून जास्त.

काळं कुठे आणि कसं येतंय ते बघा

घाईत सगळे स्क्रू सैल करू नका. काळ्या भागाचा आकार बघितला की काय बिघडलंय ते कळतं.

सगळ्या बाजूंनी सारखी काळी कड आली आणि चित्र मधोमध आक्रसलं, तर कॅमेरा मध्यावर आहे पण अंतर चुकलंय. चित्राला काळी कड नाही, पण सगळंच एकसारखं अंधारून आलंय, तर अंतर बरोबर आहे, कॅमेरा बाजूला सरकलाय. आणि एका बाजूने चंद्रकोर आली तर दोन्ही झालंय, थोडं अंतर चुकलंय आणि थोडा बाजूलाही गेलाय.

अंतर चुकलंय हे कळलं, तरी पुढे न्यायचं की मागे? कॅमेरा अगदी हलकेच उजवीकडे ढकला. सावली उजवीकडून वाढली तर कॅमेरा फार मागे आहे. कुलपाच्या भोकातून बघताना होतं तसंच हे आहे; आपण उजवीकडे सरकलो की भोकातून डावी बाजू दिसते आणि उजवी झाकली जाते. सावली डावीकडून वाढली तर कॅमेरा टिकलीच्या पुढे, म्हणजे आयपीसच्या फार जवळ आहे. ही एक चाचणी माहीत नव्हती तेव्हा मी अख्खी संध्याकाळ उलट्या दिशेला अंतर बदलत बसलो होतो.

मग ती परत का येते

एकदा नीट बसवलेला कॅमेरा दहा छर्ऱ्यांनी का हलतो, हा खरा प्रश्न. स्प्रिंगच्या रायफलचा धक्का विचित्र असतो. पिस्टन पुढे सुटतो तेव्हा रायफल मागे येते, आणि पिस्टन पुढे जाऊन थांबला की तीच रायफल उलटी पुढे ढकलली जाते. एकाच गोळीत दोन्हीकडे झटका. साध्या बंदुकीसाठी बनवलेले चांगले स्कोपही या उलट झटक्याने बिघडतात, तर मागे लोंबणाऱ्या मोबाइलचं काय होणार? साठवलेल्या हवेवर चालणाऱ्या पीसीपी रायफलला धक्का जवळपास नसतो. तिच्यावर चंद्रकोर परत येत असेल तर कारण झटक्यात शोधू नका, पकडीत किंवा फोनमध्ये शोधा.

पकड बहुतेक वेळा आयपीसच्या बाहेरच्या कड्यावर घेतली जाते, आणि तिथेच घोटाळा होतो. पुष्कळ स्कोपांत ते कडं फोकससाठी फिरतं. दोनशे-अडीचशे ग्रॅमचा मोबाइल एका बाजूला लटकत असला की प्रत्येक झटक्याला कडं केसभर फिरतं. तासाभरात क्रॉस धूसर होतो आणि माणूस कॅमेऱ्याच्या ऑटोफोकसला दोष देत राहतो. काही स्कोपांत तर झूमचं कडं फिरवलं की मागचा अख्खा भागच फिरतो. तिथे पकड घेतली तर झूम बदलताच मोबाइल आडवा होतो. आधी रिकाम्या हाताने एकेक कडं फिरवून बघा, आपल्या स्कोपवर न फिरणारा भाग कोणता ते ठरवा आणि पकड तिथे घ्या. तशी जागा नसेल तर फोकस एकदा लावून कडं आणि स्कोपची नळी यांच्यावरून इन्सुलेशन टेप घट्ट गुंडाळा, आणि टेपवर कड्यापासून नळीपर्यंत एक सरळ रेघ मारा. रेघ तुटली की कडं फिरलं.

पीव्हीसी पाइपचा तुकडा सगळ्यांनाच पहिल्यांदा सुचतो आणि सुरुवातीला तो चांगलाच आहे. आयपीसवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची, वर पाइप सरकवायचा, बाहेरून होज क्लिप आवळायची. ट्यूबचं रबर झटका खातं आणि घसरतही नाही. फेल्ट किंवा कापड लावलं तर घसरतं, ते टाळा. होज क्लिप हाताला घट्ट वाटली की थांबा. आयपीसचं कडं ॲल्युमिनियमचं आणि पातळ असतं, जास्त आवळलं तर दबून आतल्या काचेवर ताण येतो. पाइपच्या आतून फळ्याला लावतात तो काळा मॅट रंग द्या. पांढऱ्या पाइपच्या आतल्या भिंतीवरून उजेड परावर्तित होतो आणि चित्रावर दुधाळ पडदा येतो.

थ्री-डी प्रिंट केलेले अडॅप्टर आता सहज मिळतात. त्यातले बरेच पीएलए प्लास्टिकचे असतात, आणि पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. मे महिन्यात उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्डवर एवढं तापमान सहज होतं. आमच्या गटातल्या एकाचा अडॅप्टर घरी अगदी बरोबर बसायचा आणि शेतावर पोचेपर्यंत एक मिलिमीटर वाकडा झालेला असायचा. दोन महिने आम्ही त्याचा स्कोप तपासत होतो. प्रिंट करून घ्यायचाच असेल तर पीईटीजी मागा, ते उष्णता जास्त सोसतं. मी शेवटी कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर काळ्या नायलॉनच्या रॉडमधून नळी काढून घेतली. आतला व्यास आयपीसपेक्षा अर्धा मिलिमीटर मोठा, एका बाजूने उभी चीर, चिरेवर दोन ॲलन बोल्ट. चीर असली की नळी चारी बाजूंनी सारखी आवळली जाते. एका बाजूने ग्रब स्क्रू, म्हणजे टोकाने दाबणारा बिनडोक्याचा स्क्रू, मारला तर नळी उलट्या बाजूला ढकलली जाते आणि कॅमेरा कायमचा मध्यापासून सरकतो. टर्नरला हे आधी सांगावं लागतं, नाहीतर तो सवयीने ग्रब स्क्रूच टाकतो.

मोबाइलचं कव्हर काढा किंवा ठेवा, पण दर वेळी सारखंच करा. कव्हरची जाडी दीड-दोन मिलिमीटर असते. शनिवारी कव्हरशिवाय जुळवलं आणि रविवारी कव्हरसकट बसवलं तर अंतर गेलंच.

फोन स्वतःच कॅमेरा बदलतो

हे कारण वेगळं सांगायला हवं, कारण यात काहीच हललेलं नसतं. हल्लीच्या फोनला मागे दोन-तीन कॅमेरे असतात. उजेड कमी झाला, किंवा समोर जवळच काहीतरी आहे असं फोनला वाटलं, की तो आपोआप एका लेन्सवरून दुसऱ्यावर जातो. स्कोपमागे दोन्ही घडतं, कारण भोवती काळोख असतो आणि आठ सेंटिमीटरवर आयपीसचं काळं कडं असतं. दुसरी लेन्स सेंटिमीटरभर शेजारी असते, म्हणजे टिकलीच्या पूर्ण बाहेर. पडदा एकदम काळा होतो किंवा कोपऱ्यात उजेडाचा तुकडा दिसतो, आणि थोड्या वेळाने सगळं आपोआप नीट होतं. "कधी येतं कधी जातं" अशी तक्रार असेल तर पहिला संशय याच्यावर घ्या.

फोनच्या सेटिंगमध्ये मॅक्रोचा, म्हणजे जवळच्या वस्तूंसाठीच्या लेन्सचा, आपोआप बदल बंद करा. लेन्स हाताने निवडून कुलूपबंद करता येईल असं व्हिडिओ ॲप वापरा. खात्री करायची सोपी युक्ती: रेकॉर्डिंग सुरू करून बाकीच्या लेन्सवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा. फोनने लेन्स बदलली की चित्र पूर्ण काळं होईल आणि चोर सापडेल.

महागडा फोन स्प्रिंगच्या रायफलवर नेहमी लावू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. चित्र स्थिर ठेवणारी आतली यंत्रणा नाजूक असते. मोटारसायकलच्या हँडलवर आयफोन लावल्याने जोरदार थरथरीमुळे कॅमेरा बिघडू शकतो, अशी सूचना ॲपलनेच २०२१ मध्ये दिली होती. एअर रायफलचा झटका वेगळ्या जातीचा आहे, पण माझा फोन मी तिथे ठेवत नाही. जुना, पडून असलेला फोन घ्या, किंवा छोटा ॲक्शन कॅमेरा.

चित्र मधोमध बांगडीएवढंच का दिसतं

ॲक्शन कॅमेरा घेणाऱ्यांची ही पहिली निराशा. त्याची लेन्स अतिशय रुंद बघणारी असते, अडीच-तीन मिलिमीटर फोकल लांबीची. स्कोप मात्र डोळ्याला जेमतेम २४ अंशांचं चित्र देतो. मग एवढ्या मोठ्या काळ्या चौकटीत मधोमध एक छोटं गोल चित्र येणारच. अंतर कितीही बदललं तरी ते मोठं होणार नाही, कारण दोष अंतराचा नाही, लेन्सचा आहे.

यातल्या काही कॅमेऱ्यांची लेन्स काढून एम-१२ आट्यांची दुसरी लेन्स बसवता येते. सीसीटीव्हीच्या सामानात या लेन्स मिळतात. कोणती घ्यायची? अशा कॅमेऱ्यातला १/२.३ इंची सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, सुमारे ६.२ मिलिमीटर रुंद असतो. २४ अंशांचा गोल १२ मिलिमीटर लेन्सने त्यावर ५.१ मिलिमीटरचा पडतो, म्हणजे उभ्यात भरतो पण दोन्ही बाजूंना काळं राहतं. १६ मिलिमीटरने ६.८ चा पडतो आणि चौकट जवळजवळ पूर्ण भरते, फक्त चार कोपरे किंचित काळे राहतात. २५ मिलिमीटरने फक्त मधला भाग दिसतो. टार्गेट मोठं येतं, पण थरथरही तेवढीच मोठी दिसते. माझा कौल १६ ला. लेन्स बदलल्यावर आटे फिरवून लांबच्या वस्तूवर फोकस लावा आणि आट्यांवर नेलपॉलिशचा एक थेंब सोडा. झटक्याने आटे फिरत नाहीत आणि हवं तेव्हा काढताही येतात.

मोबाइलवर यासाठी मुख्य लेन्सवरच दुप्पट झूम पुरतो. दुप्पट झूमला फोन दुसऱ्या लेन्सवर उडी मारत नाही ना, एवढं बघून घ्या.

क्रॉस स्वच्छ, टार्गेट धूसर

स्कोपमधून बाहेर येणारा प्रकाश समांतर असतो, जणू फार लांबून आल्यासारखा. म्हणून कॅमेऱ्याचं फोकस अनंतावर हवं आणि तिथेच अडकवलेलं हवं. मोबाइल स्कोपशिवाय दूरच्या डोंगराकडे किंवा विजेच्या टॉवरकडे धरा, पडद्यावर बोट दाबून फोकस कुलूपबंद करा. मग स्कोपमागे लावा आणि क्रॉस रेखीव होईपर्यंत आयपीसचं कडं फिरवा. डोळ्यासाठी लावलेलं फोकस कॅमेऱ्याला जुळेलच असं नाही. चष्मा असलेल्यांना हा फरक चांगलाच जाणवतो.

त्यानंतरही टार्गेट धूसर राहिलं तर स्कोपचा पॅरॅलॅक्स बघा, म्हणजे टार्गेट आणि क्रॉस आत एकाच पातळीवर येतात का ते; येत नसतील तर डोळा किंवा कॅमेरा हलला की नेमही सरकतो. साध्या रायफल स्कोपची जुळणी कारखान्यात बहुधा १०० यार्डांवर केलेली असते. पुढच्या काचेवर किंवा बाजूला अंतराचं कडं असेल तर ते २५ मीटरवर आणा. कडं नसेल तर पट कमी करा, धूसरपणा कमी जाणवेल.

चंद्रकोर नुसती दिसायला वाईट म्हणून मी एवढा मागे लागलेलो नाही. १०० यार्डांवर जुळवलेल्या स्कोपने २५ मीटरवर, ९ पटीवर, कॅमेरा एक मिलिमीटर बाजूला सरकला तर कागदावर नेम साधारण साडेसहा मिलिमीटरने चुकतो. छर्ऱ्याच्या स्वतःच्या व्यासापेक्षा जास्त. पुतणी महिनाभर ट्रिगरवर मेहनत घेत होती आणि मी तिच्यामागे सैल कॅमेरा लावून तिचा नेम हलवत होतो. हे गणित मांडलं त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून नियम असा आहे की पडद्यावर चंद्रकोर दिसली तर त्या छर्ऱ्याची नोंद वहीत धरायची नाही.

उजेडाच्या तक्रारी

पांढरा कागद पूर्ण जळून पांढराशुभ्र दिसतो आणि भोक कुठे पडलं ते कळत नाही, तर कारण भोवतीचा काळा गोल आहे. कॅमेरा सरासरी काढतो, त्याला सगळा अंधार वाटतो, म्हणून तो उजेड वाढवत नेतो. कागदावर बोट दाबून एक्स्पोजर कुलूपबंद करा आणि एक ते दीड पायरी खाली आणा.

बंदिस्त रेंजवर चित्रातून आडवे पट्टे वर-खाली सरकताना दिसतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेरा ३० किंवा ६० फ्रेमवर असेल तर त्याचा ताल दिव्यांशी जमत नाही. २५ किंवा ५० फ्रेम ठेवा, शटर १/५० किंवा १/१०० करा. पट्टे जातात.

छर्रा उडताना टिपायची हौस सगळ्यांनाच असते. सेकंदाला १८० मीटरच्या आसपास वेग धरला तर २५ मीटर जायला त्याला सुमारे ०.१४ सेकंद लागतात. ३० फ्रेमवर तो जेमतेम चार चित्रांत येईल, २४० फ्रेमवर तेहतीस-चौतीस चित्रांत. पण २४० फ्रेमला उजेड भरपूर लागतो. सकाळी नऊनंतर, ऊन पाठीवर असताना प्रयत्न करा. संध्याकाळी जमणार नाही. उशीर करून दुपारही गाठू नका, कारण मार्च ते मे दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा अशी लहरते की टार्गेट पाण्यात पडल्यासारखं हलतं. त्याला कोणताही अडॅप्टर उपाय नाही.

गोळी सुटताना चित्र जेलीसारखं लचकतं, तो कॅमेऱ्याच्या सेन्सरचा स्वभाव आहे. तो चित्र एका क्षणात न घेता ओळीओळीने वाचतो. शटर वेगवान केलं तर चित्र रेखीव होतं, लचक राहतेच. ती सोडून द्या. आपल्याला हवा असलेला अर्धा सेकंद झटक्याच्या आधीचा आहे.

डोळाही हवा आणि कॅमेराही

पडद्यावर बघून नेम धरायची सवय लागू नये असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी मध्ये तिरकी अर्धपारदर्शक काच असलेला अडॅप्टर असतो. अर्धा उजेड सरळ डोळ्याकडे जातो, अर्धा बाजूच्या कॅमेऱ्याकडे. यातही चंद्रकोर येते, आणि लोक गोंधळतात की आता अंतर मोजायचं कुठून. आयपीसपासून तिरक्या काचेपर्यंत आणि तिथून कॅमेऱ्यापर्यंत, अशी दोन्ही अंतरं मिळून बटर पेपरने मोजलेला आकडा आला पाहिजे. एका परावर्तनामुळे कॅमेऱ्यातलं चित्र डावं-उजवं उलटं येतं, ते नंतर व्हिडिओत पालटून घ्या. पालटलं नाही तर उजवीकडची चूक डावीकडची समजून शिकवलं जाईल. आणि डोळा आयपीसपासून जवळ आणावा लागेल असा कोणताही अडॅप्टर धक्का देणाऱ्या रायफलवर वापरू नका.

१० आणि ५० मीटर रायफलच्या स्पर्धांकडे वळणाऱ्या मुलामुलींच्या पालकांचे फोन येतात, विशेषतः कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणल्यापासून आमच्या भागात फार. त्या प्रकारांत दुर्बिणीचा स्कोप चालत नाही, बारीक छिद्राची साइट असते. तिथे रायफलवर काही लावायच्या फंदात पडू नका. शेजारी स्टँडवर स्पॉटिंग स्कोप, म्हणजे लांबचं बघायची एकनळी दुर्बीण, ठेवून त्यामागे मोबाइल लावा. टिकलीचा हिशेब तोच, फक्त अंतर पंधरा-वीस मिलिमीटरवर येतं आणि टिकली फार लहान होते. ८० मिलिमीटरच्या स्कोपला ६० पटीवर १.३ मिलिमीटर. म्हणून २० ते ३० पटीवर थांबा. भिगवणला कॅमेऱ्याने रोहित पक्षी टिपणाऱ्या मित्रांनाही मी हेच सांगतो. झटका नसल्यामुळे तिथे साधी पकडही दिवसभर टिकते.

पावसाळ्यात कॅमेरा स्कोपवर लावून ठेवू नका. दोन काचांच्या मधल्या बंद नळीत दमट हवा अडकते, आधी धुकं धरतं आणि नंतर बुरशी. दोन्ही वेगळे करून, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. दिवाळीनंतर काढाल तेव्हा पुन्हा बटर पेपरपासून सुरुवात करा, आणि डबीवर लिहिलेला आकडा तोच येतोय का ते बघा. माझा गेल्या वर्षी दोन मिलिमीटरने वेगळा आला. शोधलं तेव्हा कळलं, आयपीसवरच्या टेपची रेघ तुटलेली होती.